जवसाच्या तेलाला ‘रंगाचा वास’ : दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार. आमच्या जवसाच्या तेलाला रंगाचा वास येतो, ते घेऊन पोट बिघडलं, बांगडा तळताना घरभर धूर झाला, ही तुमची ऑनलाइन तक्रार वाचली. तुम्हाला त्रास झाला, माफ करा. ‘उघडलेली बाटली परत घेत नाही’ एवढंच बोलून काउंटरवरचा मुलगा वळला, तेही चुकलंच. त्याला सांगितलंय.

पण एक स्टार देऊन ‘जुना माल खपवतात’ लिहिलंत, ते लागलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात येणारं गिऱ्हाईक हल्ली पायरी चढण्याआधी मोबाईल बघतं. बाटलीच्या बुडाशी तेल काढल्याची तारीख आहे, २ मे. तुम्ही नेलीत ४ मेला. परत आणलीत ९ जूनला, अर्धी रिकामी. आणि तुम्हीच लिहिलंय की ती गॅसशेजारच्या फळीवर होती, तेही काळ्या बाटलीतून पारदर्शक बरणीत ओतून.

रंगाचा वास तुम्ही अचूक ओळखलात. रंगात आणि लाकडाला वापरतात ते अळशीचं तेल याच बियांचं. यात निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ज्या ओमेगा-३ साठी आपण ते घेतो त्याचाच. हेच आम्ल हवा, उजेड आणि उष्णतेनं सगळ्यात आधी बिघडतं. अर्धी रिकामी बरणी म्हणजे अर्धी बरणी हवा, त्यात गोव्यातला मे महिना. म्हणून काळी बाटली, म्हणून फ्रिज, म्हणून उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत संपवायचं. लेबलवर हे आहे, अक्षर बारीक आहे हे मान्य. शेवटी जिभेवर येणारी किंचित कडवट चव ताज्या तेलालाही असते. रंगाचा वास आला, की ते खवट झालं.

पोट बिघडलं, कारण रोज उपाशीपोटी तीन मोठे चमचे. ते झाले ४५ मि.लि.! इतक्या तेलानं कुणालाही जुलाब होतील. एक छोटा चमचा, ५ मि.लि., जेवताना घ्यायचा. त्यातच जवळपास अडीच ग्रॅम ते आम्ल मिळतं, आणि अमेरिकी प्रमाणानुसार बाईमाणसाला दिवसाला १.१ ग्रॅम पुरतं. पेजेवर, कोशिंबिरीवर, ताटात वाढल्यावर वरून घाला. तळायला नाही. न शुद्ध केलेलं जवसाचं तेल १०७ अंशांच्या आसपास धुरकटतं, बांगडा तळायला १७० तरी लागतात, म्हणून घरभर धूर झाला. (बांगड्यात शरीराला थेट लागणारं ओमेगा-३ असतंच. जवसातल्याचं तसं रूपांतर शरीर फार थोडं करतं.)

सासूबाईंचे सांधे बरे झाले नाहीत म्हणता, पण तसं आम्ही कधी म्हटलेलं नाही, छापलेलं तर नाहीच. उलट त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ऑपरेशन ठरलं असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तरी तेच.

तेलाच्या किमतीबद्दल एवढंच, की लाकडी घाण्यावर एक लिटरला साधारण चार किलो जवस लागतं. पेंडीत तेल राहतं, गरम करून ते ओढलं तर स्वस्त पडेल, पण मग ते हे तेल नसेल.

लेबलचं अक्षर मोठं करायचं बघतो. १०० मि.लि.ची बाटलीही काढायचा विचार आहे. पुढच्या शुक्रवारी या, ताज्या तेलाचा एक चमचा समोर चाखा, पैसे नकोत.

उरलेलं तेल खाऊ नका. कोयत्याच्या मुठीला लावा, छान बसतं. फक्त पुसलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, हे तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं बाहेर पसरून वाळवा, मगच टाका. देव बरें करूं.