मोरोक्कोचा तो मंत्री तुरुंगात गेलाच नाही

काल जेवताना बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. "वाच. राजा असावा तर असा!" मेसेज असा: मोरोक्कोत मोहम्मद हसद टँजियरचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, मग मंत्री झाले, पैसे खाताना सापडले आणि राजाने चोवीस तासांत त्यांना तुरुंगात टाकलं. आपल्यालाही असाच राजा हवा. तीन ग्रुपवर हेच.

निवडून कसले? तिथे प्रांताचा वली, म्हणजे गव्हर्नर, राजा नेमतो. आणि टँजियरला यायच्या कितीतरी आधी, १९९३ मध्येच, हसद बांधकाममंत्री होते. मग रॉयल एअर मारोक या तिथल्या विमान कंपनीचे प्रमुख, मराकेशचे वली, टँजियरचे वली, २०१३ पासून गृहमंत्री.

पैसे खाल्ल्याचा आरोपही नाही. २०१७ मध्ये तिथल्या लेखा न्यायालयाने (आपल्या कॅगसारखी संस्था) उत्तरेकडच्या अल होसेमा शहरातल्या विकासकामांची तपासणी केली. ठपका बसला तो कामं रखडवल्याचा. अपहार सापडला नाही. त्या अहवालावरून २४ ऑक्टोबरला हसद यांचं मंत्रिपद गेलं. तेव्हा ते शिक्षणमंत्री होते. तुरुंग नाही, जप्ती नाही.

आणि चोवीस तास? इथे मला खरंच राग येतो. २८ ऑक्टोबर २०१६ ला अल होसेमात मोहसिन फिकरी या मासेविक्रेत्याचे तलवार मासे जप्त करून कचऱ्याच्या गाडीत टाकले. माल वाचवायला तो गाडीत चढला, कचरा दाबायचं यंत्र सुरू झालं आणि तो आत चिरडला गेला. तेव्हा गृहमंत्री हसदच होते. लोक रस्त्यावर आले, महिनोन् महिने दवाखाना, विद्यापीठ, रोजगार मागत राहिले. मंत्री जायला जवळजवळ वर्ष लागलं, तेही या लोकांमुळे. आणि तुरुंगात कोण गेलं? आंदोलनाचा चेहरा असलेला नासर झफझाफी. जून २०१८ मध्ये त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. दवाखाना मागणारा आत, काम रखडवणारा घरी, आणि आपण त्या राजाला हात जोडायचे?

एक मान्य करावं लागेल. त्या दिवशी तीन मंत्री आणि एक राज्यमंत्री नावानिशी काढले गेले, कामं रखडली म्हणून. असं आपल्याकडे सहसा घडत नाही, आणि बाबांना तेवढंच भावलं होतं.

झफझाफीबद्दल सांगितल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मेसेज काढून टाकला. बाकीच्या दोन ग्रुपवर तो अजून आहे. तिथे आता मी फिकरीची हकिगत टाकतोय.