‘जेवणाआधी जामीन नाही’ या मेसेजबद्दल खुलासा

ठाण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय: ‘न्यायाधीश उपाशी असले की जामीन नाकारतात, संशोधनाने सिद्ध. सुनावणी जेवणानंतरच घ्या.’ असं काही सिद्ध झालेलं नाही.

मूळ अभ्यास २०११ चा, इस्रायलमधला, पॅरोल (शिक्षा संपण्याआधी सुटका) मंडळांच्या १,११२ निर्णयांचा. जामिनाचा त्यात संबंधच नाही. सत्राच्या सुरुवातीला सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर, खाण्याची सुट्टी जवळ आली की जवळजवळ शून्य, खाणं झालं की पुन्हा ६५. आकडे धक्कादायक आहेत खरे. पण त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की प्रकरणांचा क्रम योगायोगाने पडत नव्हता. एका तुरुंगाची प्रकरणं सुट्टीआधी संपवायची पद्धत होती आणि वकील नसलेले कैदी बहुधा शेवटी येत. त्यांचे अर्ज तसेही जास्त फेटाळले जातात. मूळ संशोधक मात्र आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले.

न्यायाधीशही माणूसच. मनःस्थितीचा, आधीच्या मतांचा परिणाम होऊ शकतो. म्हणूनच तर आदेशात कारणं द्यावी लागतात आणि हायकोर्टात दाद मागता येते.

मला काळजी वाटते ती मेसेज वाचून कोर्टात आलेल्या आईची. बोर्डावरचा नंबर सव्वाएकच्या सुमारास येणार म्हणून ती वकिलांना ‘साहेब, पुढची तारीख घ्या ना’ म्हणाली, तर मुलाचा ठाणे कारागृहातला मुक्काम तेवढा वाढतो. कृपया तारीख मागू नका. पुकारा होईल तेव्हा वकिलांना उभं राहू द्या.