एक ऑगस्ट आणि तिसरा बाक

काल रात्री पावणेअकराला मुलीच्या वर्गाच्या पालक-ग्रुपवर मेसेज आला. उद्या लोकमान्य टिळक पुण्यतिथी, वक्तृत्व स्पर्धा, वेळ तीन मिनिटं, वेशभूषा असल्यास उत्तम. (पावणेअकराला! म्हणजे मी आता पगडी कुठून आणू? पण तो राग वेगळा, त्यावर नंतर कधीतरी.) मी साधं विचारलं, "अण्णाभाऊ साठ्यांवर बोललं तर चालेल का? त्यांची जयंतीही उद्याच आहे." दोन मिनिटं शांतता. मग एका बाबांचं उत्तर आलं, "प्लीज, निदान शाळेत तरी जातपात नको." त्यावर अकरा अंगठे. मोजले मी.

जातपात मी आणली? मी फक्त तारीख सांगितली हो. 1 ऑगस्ट 1920. नुसती तारीख नाही, सालसुद्धा तेच. 31 जुलैची मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात टिळक गेले, आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, मांगवाड्यात, अण्णाभाऊ जन्मले. एकाच रविवारी. गांधींची असहकाराची चळवळही त्याच दिवशी सुरू झाली, तीही धरा. एवढं सगळं एका दिवसात घडलंय आणि आपण पोरांना तीन मिनिटांत शेंगांची टरफलं सांगायला लावतोय. दरवर्षी. चाळीस वर्षं.

चाळीस वर्षं म्हणतोय कारण मीही तेच सांगितलंय. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग. टेबलावर टिळकांची तसबीर, झेंडूचा हार, आणि मी हात वर करून, "मी शेंगा खाल्ल्या नाहीत!" पाठ एकदम पक्कं. माझं भाषण सुरू व्हायच्या आधी माझ्याच वर्गातला एक जण उठला. हातात पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवलेला, पेपरातून कापलेला फोटो. म्हणाला, "गुरुजी, ह्यो पण ठिवू का? आमच्या अण्णाभाऊंची जयंती हाय." गुरुजींनी विचारलं, "कोण अण्णाभाऊ?" वर्ग हसला. मीही हसलो. गुरुजी वाईट नव्हते, खरंच नव्हते, त्यांनी मला स्वतःच्या पैशानं वह्या घेऊन दिल्यात. ते एवढंच म्हणाले, "बरं बरं, ठेव तिकडं बाकावर."

मग तो फोटो तिसऱ्या बाकावर. माझं भाषण होईपर्यंत माझ्यासमोर.

सकाळी उठलो तर फेसबुकवर दुसरी तऱ्हा. आपल्याच यादीतल्या एका मित्रानं टाकलंय की आज फक्त अण्णाभाऊ, टिळकांना अभिवादन करणाऱ्यांनी मला अनफ्रेंड करावं. अरे बाबा. तुझा राग मला कळतो. 1891 साली मुलींचं संमतिवय वाढवणाऱ्या विधेयकाला टिळकांनी विरोध केला, हे मान्य. 1918 साली विठ्ठल रामजी शिंद्यांच्या परिषदेत, देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, असं भर सभेत म्हणाले आणि मग स्वतः अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही द्यायची वेळ आली तेव्हा दिली नाही. हेही मान्य. मला त्या न केलेल्या सहीचा आजही त्रास होतो.

पण मग 1908 चं काय करशील? टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईत गिरण्या कुणी बंद पाडल्या? वकिलांनी? प्राध्यापकांनी? गिरणीकामगारांनी. सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस. रस्त्यावर गोळ्या खाल्ल्या त्यांनी. त्या संपाची दखल तिकडे लेनिननं घेतली. आणि त्याच गिरणगावात पुढे वाटेगावचा एक पोरगा आला, गिरणीत राबला, लाल बावट्याच्या कलापथकात डफावर थाप मारून उभा राहिला, आणि 1961 ला थेट लेनिनच्या देशात जाऊन आला. शाळेत दीड दिवस गेलेला माणूस! ज्या कामगारांनी टिळकांसाठी चूल थंड ठेवली त्यांचीच पुढची पिढी अण्णाभाऊंनी कथा-कादंबऱ्यांत आणि लावण्या-पोवाड्यांत मांडली. मग कुणाला कुणापासून तोडताय? तारखेचा योगायोग सोडा, योगायोगाला अर्थ नसतो असं कुणी म्हणेल, नसू दे. ही गिरणीची गोष्ट तर योगायोग नाही ना?

(आज महसूल दिनही आहे. तलाठ्यांना शुभेच्छा. त्यांच्यावरून मात्र कुणी भांडत नाही.)

चिडून लिहायला बसलो होतो. खरं तर त्या बाबांना टॅग करणार होतो. पण लिहिता लिहिता तो तिसरा बाकच डोळ्यांपुढे येतोय. वर्गात हसणाऱ्यांत मी होतो आणि अंगठा देणाऱ्या अकरा जणांत मी नाही, एवढाच काय तो फरक. तोही चाळीस वर्षांनी पडलेला. त्या दिवशी मला पहिला नंबर मिळाला. शंभर पानी वही. टाळ्या वाजवणाऱ्यांत तो होता. जोरात वाजवत होता.

संध्याकाळी वस्तीतून हलगीचा आवाज येत होता. आजी म्हणाली, "तिकडं जायाचं न्हाई." मी गेलो नाही. वहीला कव्हर घालत बसलो.

तो फोटोवाला मित्र माझ्या फेसबुकच्या यादीत आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. दोन वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत भेटला, चहा घेतला, तेव्हा धीर करून मी विषय काढला. म्हटलं, तो फोटो आठवतो का रे? तो हसला. म्हणाला, "आठवतो की. घरी जाताना पाऊस लागला. खळ सुटली, तोंडावरनंच फाटला. सांजच्याला वस्तीत त्योच पुजायचा हुता, दुसरा नव्हता कुणाकडं. आबानं लई मारला मला."

मला हे माहीतच नव्हतं. त्या दिवशी पाऊस होता हेसुद्धा मला आठवत नव्हतं.

हलगी मग कशापुढं वाजली, हे विचारायचं राहिलं.

साडेदहाला स्पर्धा आहे. मुलगी समोर बसून पाठ करतेय. तीन मिनिटांत दोघं बसवायचे म्हणजे घाई होते, दोनदा अडली. आत्ता विचारतेय, "बाबा, शेंगांचं काढून टाकू का?"

काढ म्हटलंय. गिरणीचं ठेव.