डोक्यावरचं टिंब म्हणजे नक्की काय, एवढं तरी सांगा!

हिंदुस्थानी संगीताचं शास्त्र घरी बसून शिकायचं म्हटलं की पहिल्या पानापासून डोकं फिरायला लागतं. दोन पुस्तकं समोर उघडी आहेत, दोन्हींवर 'नवशिक्यांसाठी' असं ठळक छापलंय. दोन्हींत सा च्या डोक्यावर टिंब. एकात तो तार, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, दुसऱ्यात मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला! का, तर स्वर लिहिण्याच्या पद्धती दोन, आणि एक पुस्तक भातखंडे लिपीत आहे, दुसरं पलुसकर लिपीत. मध्यमाच्या (म च्या) डोक्यावर उभी रेघ दिसली तर भातखंड्यांकडे तो तीव्र, म्हणजे चढा मध्यम, पलुसकरांकडे तार सप्तकातला मध्यम. हे दोन्ही पुस्तकांत कुठेही लिहिलेलं नाही. लिपीचं नावसुद्धा नाही. अहो, एका ओळीचं काम आहे! नवशिका माणूस आठवडाभर चुकीच्या सप्तकात घसा ताणत बसला तर जबाबदार कोण?

त्यापुढे सुरू होतात व्याख्या. नाद म्हणजे काय, श्रुती म्हणजे काय, राग म्हणजे काय, तर जनचित्ताचं रंजन करतो तो राग. बरं, मग? मग 22 श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांचा, तक्ता: सा च्या चार, रे च्या तीन, ग च्या दोन, म च्या चार... पाठ करा. पेटीवर सप्तकाला पट्ट्या 12, तक्त्यात श्रुती 22, उरलेल्या 10 गेल्या कुठे? हा प्रश्न कुठल्याही शिकणाऱ्याला पडणारच, पण पुस्तकाला पडत नाही. कारण ही पुस्तकं शिकणाऱ्यासाठी नसतातच, परीक्षेला बसणाऱ्यासाठी असतात. दोन मार्कांची व्याख्या, पाच मार्कांचा फरक, संपलं.

सगळ्यात संताप येतो तो रागांच्या माहितीचा. राग भूप, थाट (म्हणजे रागांचा गट) कल्याण, म आणि नि वर्ज्य, वादी (मुख्य स्वर) ग, संवादी (त्याच्या जोडीचा स्वर) ध, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. छान. कल्याण थाटाची खूण काय, तर तीव्र मध्यम. आणि भूपात मध्यमच नाही! मग तो कल्याणात आला कसा? पुढच्या पानावर देशकार. तेच पाच स्वर, पण थाट बिलावल, वादी धैवत (ध), वेळ सकाळची. स्वर तेच असून दोन राग वेगळे कसे, हीच तर खरी थिअरी! स्वर कुठल्या वळणाने घेतले, कुठल्या स्वरावर मुक्काम केला, जोर पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) की उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात), यावर राग ठरतो. भूपाची चाल कल्याण अंगाची म्हणून तो कल्याणात. हे समजावण्याच्या जागी पुस्तकात काय आहे? चौकट. डावीकडे भूप, उजवीकडे देशकार, पाठ करा.

व्हिडिओंकडे वळलं तर तिथे दुसरीच तऱ्हा. 'सात दिवसांत हार्मोनियम शिका'! पाहुण्यांसमोर वाजवायला एक गाणं हातात बसतं, बाकी शून्य. कुठल्या पट्टीवर बोट ठेवायचं ते सांगतात, पण सा काळी एकचाही असतो, पांढरी चारचाही असतो, तो आपल्या गळ्याप्रमाणे धरायचा, हे सांगायला कोणाला सवड नाही. आणि जरा कुठे मुद्द्याचं बोलणं निघालं की लगेच 'पुढचं आपल्या कोर्समध्ये'. चीड येते अक्षरशः.

आणि ही वेळ मराठी माणसावर यावी? त्याच लिपीवाल्या भातखंड्यांनी 1910 पासून 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' लिहिली ती मराठीत. तीही संवादाच्या रूपात, शिष्य विचारतोय आणि गुरू उत्तर देतायत! शिकणाऱ्याच्या शंकेला तिथे मान होता. ते ग्रंथ मोठे आहेत, भाषा जुनी आहे, पहिल्या दिवशी हातात घ्यायचे नव्हेत, हे मान्य. पण शंभर वर्षांत त्या रीतीने साध्या मराठीत नवशिक्यासाठी काही करावं असं इतक्या क्लासवाल्यांना, प्रकाशकांना वाटू नये?

मला विशारद व्हायचं नाही. भूप आणि देशकार एकापाठोपाठ गाऊन दाखवा. गंधारावर (ग वर) थांबून दाखवा, मग धैवतावर थांबून दाखवा, आणि काय बदललं ते माझ्या कानाला कळेपर्यंत पुन्हा गा. दहा मिनिटं लागतील. पैसे घ्या हवे तर, पण एवढं करा.