नर्सरीत गेलात की आधी विचारा, बी कुठल्या झाडाचं?

गेल्या जूनमध्ये अळूचं रोप शोधत मी तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. पहिल्या ठिकाणी एका काकांनी अगदी आपुलकीने वडीच्या अळूची पिशवी आणून हातात ठेवली. म्हटलं, काका, पानांचं नव्हे, फळांचं अळू. काटेरी झाड असतं, फळ पिकलं की तपकिरी होतं, आत चार-पाच टणक बिया असतात. त्यांना ते चांगलं माहीत होतं. लहानपणी पेंढ्यात घालून पिकवलेलंही होतं. पण म्हणाले, "ते रानात मिळतं, नर्सरीत कोण ठेवणार? ड्रॅगन फ्रूट न्या, मियाझाकी आंबा आहे, ॲव्होकॅडो आहे."

ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ड्रॅगन फ्रूटशी माझं भांडण नाही, ज्याला लावायचंय त्याने जरूर लावावं. पण बाहेर 'दुर्मीळ फळझाडे' अशी मोठी पाटी आणि आत समोरच्या डोंगरातलं एकही फळ नाही, हे मला फार लागलं. त्याच रस्त्यावर मे महिन्यात बायका पाट्यांमधून करवंदं, तोरणं, जांभळं, अळू घेऊन बसतात आणि दुपारपर्यंत पाट्या रिकाम्या होतात. म्हणजे फळ खाणारे आहेत. रोप मागणारे नाहीत.

नर्सरीवाल्यांच्याही अडचणी आहेत, त्या मला हळूहळू कळत गेल्या. जांभळाचं किंवा रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या झाडाचं, बी डब्यात भरून वर्षभर ठेवता येत नाही. ते वाळलं की मेलं. फळ खाल्लं की काही दिवसांतच ते मातीत जायला हवं. बहाव्याचं नेमकं उलटं. कवच इतकं टणक की गरम पाणी दाखवल्याशिवाय बी जागं होत नाही. टेंभुर्णीचं सोटमूळ सरळ खाली धावतं, लहान पिशवीत ते गुंडाळलं जातं आणि पुढे झाड कायमचं अडखळतं. एवढी उस्तवार करून रोप तयार करायचं आणि ते कुणी न्यायचंच नाही, तर माणूस शोभेची झाडंच ठेवणार. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या पट्ट्यात मैलभर नर्सऱ्या आहेत. तिथे 'करवंद' मागितलं तर बहुतेक वेळा कुंपणाला लावतात ते टपोऱ्या, पांढऱ्या-गुलाबी फळांचं मिळतं. डोंगरची काळी मैना नव्हे.

म्हणून मी आता "अमुक आहे का?" असं विचारतच नाही. विचारतो, "बी कुठून आणलंत? ते झाड तुम्ही पाहिलंय का?" जो हे सांगू शकतो, त्याच्याकडे चार मळक्या पिशव्या असल्या तरी मी तिथूनच घेतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. दहा वर्षांपूर्वी एका नर्सरीतून मी रातांब्याची सहा रोपं आणली. उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून घातलं. सातव्या वर्षी फुलं आली. घरात सगळ्यांना आनंद. पण फळ धरलं फक्त दोन झाडांवर. उरलेली चार नर निघाली. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बियांपासून केलेलं रोप काय निघेल ते फुलेपर्यंत कळत नाही. विकणाऱ्याने हे एका शब्दाने सांगितलं असतं तर मी मादी झाडावरून केलेली कलमंच आणली असती. दहा कलमांमागे एखादं नर झाड पुरतं. सात वर्षं परत येत नाहीत हो. रातांबा लावायचा असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जातींची कलमंच शोधा. जांभळात त्यांचीच 'कोकण बहाडोली' आहे.

खिरणीचा शोध मात्र मला फार सुखावून गेला. काही जण तिला रायण म्हणतात. पिवळं, गोड, चिकट फळ. कुठेच मिळेना. मग एका चिकूवाल्या बागायतदाराने सांगितलं, अहो, चिकूचं कलम बांधतात तेच मुळी खिरणीच्या रोपावर! म्हणजे जिथे चिकूची कलमं बांधली जातात, तिथे खिरणीची रोपं असतातच, फक्त ती विकायला ठेवलेली नसतात. मी जाऊन हात जोडले, दोन रोपं मिळाली. झाड फार सावकाश वाढतं, पण माझी घाई नाही.

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकाही विसरू नका. पावसाच्या तोंडावर तिथे शिवण, बेहडा, मोह, पळस अशी रोपं स्वस्तात मिळतात. गोव्यात बोटॅनिकल सोसायटी ऑफ गोवा कोकण फ्रूट फेस्ट भरवते, तिकडचे मित्र मला आवर्जून बोलावतात. आणि सीता अशोक घेताना पान नीट बघा. उंच सरळसोट वाढणारा आसुपालव 'अशोक' म्हणून सर्रास गळ्यात मारला जातो.

एका गोष्टीचा मला खरा संताप येतो. रानातून उपटलेली झाडं विकणं. आंब्याच्या फांदीवरून ओरबाडलेलं सीतेची वेणी हे ऑर्किड, कड्यावरून खणलेले कंदीलपुष्पाचे कंद. कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती सह्याद्रीबाहेर जगात कुठेच नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यातल्या दुर्मीळ जाती बागेत वाढवून पुन्हा डोंगरात नेऊन लावल्या, आणि आपण शंभर-दोनशे रुपये देऊन त्या गॅलरीतल्या कुंडीत मारायच्या? असं झाड समोर आलं तर कृपा करून घेऊ नका, कितीही सुंदर दिसलं तरी.

त्या अळूवाल्या काकांकडे मी यंदा मार्चमध्ये पुन्हा गेलो. म्हटलं, पंचवीस रोपं करा, निम्मे पैसे आत्ता देतो. बी माझ्या ओळखीच्या झाडाचं आणून देतो. त्यांनी वही काढून लिहून घेतलं. मे अखेरीस फळं खाऊन धुतलेल्या बिया पोचवल्या. काल फोन आला, पहिले अकरा कोंब वर आलेत. मला पाच रोपं पुरे आहेत, बाकीची भोर-वेल्हे भागात ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगून ठेवा. आणि कुणाकडे पांढऱ्या तोरणाची जाळी असेल तर पुढच्या उन्हाळ्यात मूठभर बिया माझ्यासाठी राखून ठेवा, मी स्वतः येऊन नेईन.