देशी कोंबडीला लस लागत नाही, म्हणे!

‘देशी कोंबडी पाळा, खर्च शून्य’ हा मेसेज फिरत फिरत आमच्या आत्याकडे पोचला आणि तिने लस द्यायला आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. कारण मेसेज म्हणतो, ‘देशी कोंबडीच्या रक्तातच प्रतिकारशक्ती असते, लस म्हणजे कंपन्यांचा धंदा.’ बाकीचे दावे असे: दाण्याविना वर्षाला २५० अंडी, तपकिरी कवचात जास्त ताकद, कोलेस्टेरॉल नाहीच, आणि अंडं कच्चंच प्यावं.

आधी लसीचं, कारण ती न दिल्याने कोंबड्या मरतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग आहे आणि विषाणू कोंबडीची जात विचारून आत शिरत नाही. हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडी टाकून धापा, मग मान पिळवटते. लस नसलेल्या कळपात तीव्र प्रकारची साथ शिरली तर दहातल्या नऊ-दहा मरू शकतात. औषध नाही. एकदा लागण झाली की लस देऊनही उपयोग नाही, ती आधीच द्यावी लागते.

आणि ‘कंपन्यांचा धंदा’ म्हणणाऱ्यांनी राणीखेतवरच्या ‘आय-२’ या लसीची माहिती काढावी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात, सरकारी कृषी संशोधनाच्या पैशातून ती तयार झाली, तीही खास गावातल्या मोकळ्या कोंबड्यांसाठी. फ्रीज नसला तरी काही आठवडे टिकावी, घरातल्या कुणालाही देता यावी, हा हेतू. डोळ्यात एक थेंब, दर चार महिन्यांनी. टांझानिया, मोझांबिकमध्ये ती वापरली गेली. देशी कोंबड्यांना रोग होतच नसता, तर ही उठाठेव कुणी कशाला केली असती?

देशी कोंबडी काटक असते हे खरं. ऊन सोसते, शिकाऱ्यापासून पळते, कमी खाऊन जगते. पण काटक असणं वेगळं आणि विषाणूला दाद न देणं वेगळं. साथ गेल्यावर वाचलेल्या एकदोन कोंबड्या बघून ‘बघा, हिला काही झालं नाही’ म्हणायचं, आणि मेलेल्या मोजायच्याच नाहीत, असा हा हिशेब.

आता २५० अंडी. देशी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. मग २१ दिवस उबवणं, पुढे कित्येक आठवडे पिल्लं सांभाळणं. असे तीन-चार फेरे झाले की वर्ष संपलं: ४० ते ६० अंडी, चांगली निगा राखली तर थोडी जास्त. दाण्याविना म्हणाल, तर एका छोट्या अंड्याच्या कवचातही दीड ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. २५० अंड्यांना पावणेचारशे ग्रॅम झालं. मुंग्या-किडे टिपून एवढं कुठून येणार? पण ती खुडूक बसते म्हणून पिल्लं विकत आणावी लागत नाहीत, खरी कमाई तिथे आहे. मेसेजवाल्यांना तेवढं मात्र सुचलं नाही.

कवचाचा रंग कोंबडीच्या वाणावर ठरतो, पोषणावर नाही. पिंजऱ्यातल्या संकरित कोंबड्याही तपकिरी अंडी घालतातच. बलक गडद असतो तो हिरव्या पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे. खाद्यात रंग मिसळूनही तो गडद करता येतो. हां, उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ड जीवनसत्त्व जास्त असू शकतं, एवढं मान्य. पण ते ऊन-पाल्याचं देणं, जातीचं नव्हे.

कोलेस्टेरॉल नाही? गर्भाला ते लागतं म्हणून बलकात असतंच. उलट देशी अंडं लहान असलं तरी त्यात बलकाचं प्रमाण सहसा जास्त.

आणि कच्चं अंडं. १९९८ साली ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये आलेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली जेमतेम ५१. वर साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका. लहान मुलाला, गरोदर बाईला तर कच्चं देऊच नका, कोंबडी कुठलीही असो.