वेल लावा, पण भिंत बघून

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या वेलीवरून जुंपली आहे. एका गटाचं म्हणणं, इमारतीच्या पश्चिमेकडच्या अख्ख्या भिंतीवर वेल चढवा, घरं थंड राहतील. दुसऱ्या गटाचं म्हणणं, कंपाउंडवर आहे तीसुद्धा उपटा, मुळं बांधकाम पोखरतात. मला दोन्ही पटत नाही. ग्रुपवर चार ओळींपुढे कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय.

वेल तुम्ही पाहिलेली आहे. नवी मुंबईत नेरूळ-बेलापूरला रो हाउसच्या कुंपणांवर बारीक बारीक पानांचा हिरवा थर भिंतीला चिकटून बसलेला असतो, तीच ही. नर्सरीवाले तिला वॉल क्रीपर म्हणतात, शास्त्रीय नाव फायकस प्युमिला. मूळची चीन-जपानकडची. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे तिचे भाऊबंद, पान तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. आणि या नात्यापायीच बिचारी बदनाम झाली आहे.

पिंपळाचा धसका मी समजू शकते. वाशी-नेरूळच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन मान वर करा, ड्रेनेज पाइपच्या जोडाशी किंवा छज्जावर एखादा पिंपळ डोलताना दिसेलच. पक्षी फळं खातात, विष्ठेतून बी तिथे पडतं, गळत्या पाइपाची ओल बारा महिने मिळते. मूळ भेगेत शिरतं आणि तिथेच जाड होत जातं. वरून कितीही छाटा, पुढच्या पावसात पुन्हा हजर.

या वेलीचं तसं नाही. हिची चिकटणारी मुळं आखूड, फांदीच्या भिंतीकडच्या बाजूने फुटणारी. त्यांतून चिकट द्रव पाझरतो. खुद्द डार्विनने या मुळांचे थेंब तपासून त्यात रबरासारखा पदार्थ असल्याचं नोंदवलं होतं. म्हणजे ही वेल भिंत फोडून नाही, पृष्ठभागाला डकवून घेऊन वर जाते. शाबूत गिलाव्याला ती भोक पाडत नाही. भेग आधीच असेल तर मात्र मुळं आत जाणारच.

आणि मुद्दा इथेच येतो. आपल्याकडे बिनभेगांची इमारत दाखवा. खाडीची खारी हवा, चार महिने झोडपणारा पाऊस. आतली सळई गंजते, फुगते, काँक्रीटचे पोपडे पडतात. तीस वर्षं जुन्या इमारतीवर पानांचं पांघरूण घालायचं म्हणजे हे सगळं झाकायचं. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. ऑडिटवाला भेगा बघतो, हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकतो. त्याने काय पानं बाजूला सारून ठोकायचं?

वेल काढणं हा तर वेगळाच उद्योग. आमच्या मीटर रूमच्या बाजूने वर गेलेली वेल गेल्या रंगकामाच्या वेळी ओढून काढली. फांदी येते, पण मुळांच्या तपकिरी रांगा भिंतीलाच राहतात, सुरवंटाचे पाय चिकटून राहावेत तशा. फांदीबरोबर रंगाचे पापुद्रे, काही ठिकाणी गिलाव्याचा पातळ थरही आला. रंगारी तारेचा ब्रश घेऊन दोन दिवस घासत बसला आणि त्याचे पैसे वेगळे लावले. सात मजल्यांना हे परांची बांधून करायचं आहे, कल्पना करा.

घर थंड राहण्याबद्दल वाद नाही, उन्हाची भिंत सावलीत आली की आतली धग कमी होतेच. पण त्यासाठी भिंतीपासून हातभर लांब जाळी ठोका आणि तिच्यावर मधुमालती सोडा. ती वेटोळे घेत चढते, भिंतीला हात लावत नाही. पहिल्या-दुसऱ्या मजल्यापर्यंत सहज जाते. त्यावरच्या मजल्यांना झाडाची सावली.

मात्र कंपाउंडची वेल उपटायला माझा कडक विरोध. काळ्या दगडाची किंवा काँक्रीटची मजबूत भिंत असेल तर हिच्यासारखी वेल नाही. ना कुंड्या, ना ठिबकच्या नळ्या. (भिंतीवर टांगलेल्या त्या छोट्या कुंड्यांच्या बागा मे महिन्यात कशा दिसतात ते सगळ्यांनी पाहिलंय.) शिवाय रिकामी भिंत दिसली की तिच्यावर क्लासच्या जाहिराती चिकटतात, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या पडतात. पानांवर जाहिरात चिकटत नाही. दरवर्षी देखावे रंगवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, एका पावसाळ्यात त्या चित्रातल्या फ्लेमिंगोची काय दशा होते ते आपण बघतोच.

फक्त कात्री हवी, आणि तीही वेळेवर. कोवळी असेपर्यंत वेल भिंतीला सपाट असते. दुर्लक्ष केलं की भिंतीच्या माथ्यावर तिचं रूप बदलतं: जाड लाकडी फांद्या आडव्या बाहेर येतात, पानं चामड्यासारखी आणि कितीतरी मोठी होतात, हिरवी अंजिरासारखी फळंही धरतात. मग वजन वाढतं आणि जुलैच्या वाऱ्यात अख्खा पट्टाच्या पट्टा सुटून फुटपाथवर येतो. म्हणून आडवी फांदी दिसली की लगेच ती जिथून फुटली तिथून छाटायची. हातमोजे घालून, चिकाने काहींच्या हाताला खाज सुटते. आणि जिथे कंपाउंड इमारतीला, मीटर रूमला किंवा पाइपांना भिडतं, तिथे दोन हात भिंत उघडी ठेवायची. माळ्याला हे एकदा खडूने रेघ मारून दाखवा, तोंडी सांगून भागत नाही.

पावसाच्या सुरुवातीला छाटकलमं पटकन लागतात. आमच्याकडे छाटणीत पोतंभर फांद्या निघतात आणि कचऱ्यात जातात. नेरूळच्या आसपास कोणाला हव्या असतील तर कमेंटमध्ये सांगा, बाजूला काढून ठेवते. भिंतीचा फोटो मात्र आधी पाठवा.